खंड्याची सनद

मोटारीतून देश पालथा घालणारा माणूस आणि त्याच्या शेजारी बसलेला कुत्रा, हे चित्र आपल्या वाचनात आले ते प्रामुख्याने अमेरिकेतून. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन या डॉक्टराने पन्नास डॉलरच्या पैजेखातर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. ६३ दिवसांच्या त्या प्रवासात त्याने वाटेत बड नावाचा एक बुलडॉग विकत घेतला आणि धुळीने त्याचे डोळे चुरचुरू लागले तेव्हा त्यालाही आपल्यासारखाच चष्मा चढवला. तो चष्मा आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे १९६० साली जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या पूडलला सोबत घेऊन आपला देश नव्याने पाहायला निघाला आणि १९६२ मध्ये त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अर्धशतकानंतर चिकित्सकांनी त्या पुस्तकातल्या मुक्कामांच्या तारखा तपासल्या. कितीतरी प्रसंग लेखकाने सांगितले तसे घडलेच नसावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चार्लीविषयी मात्र कुणी शंका घेतली नाही.

आपल्याकडे ही कल्पना परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. महाभारताच्या सतराव्या पर्वात पांडव आणि द्रौपदी महाप्रस्थानाला निघतात तेव्हा त्यांच्या मागे एक कुत्रा चालू लागतो. वाटेत एकेक जण गळून पडतो आणि शेवटी युधिष्ठिर व तो कुत्रा एवढेच उरतात. स्वर्गाच्या रथात कुत्र्याला जागा नाही असे इंद्र सांगतो तेव्हा युधिष्ठिर रथ नाकारतो. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हा उलगडा नंतरचा. नकार दिला त्या क्षणी युधिष्ठिरापुढे फक्त एक कुत्रा होता. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, दत्तात्रेयांच्या पायाशी बसलेले चार वेद, खंडोबाच्या पायाशी असलेला कुत्रा, ही सारी चित्रे मराठी मनाच्या ओळखीची आहेत. आधुनिक मराठी साहित्यात मात्र पाळीव कुत्रा आला तो बहुधा विनोदाच्या दारातून. पु. ल. देशपांडे यांचे ‘पाळीव प्राणी’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना अधिक सांगायला नको. कुत्र्याविषयी गंभीरपणे बोलायचे तर आपल्याला थोडे संकोचल्यासारखे होते. इतिहास लिहिणाऱ्यांनाही तसेच झाले असावे, असे मला गेल्या हिवाळ्यातल्या एका प्रवासानंतर वाटू लागले. प्रस्तुत टिपण त्याविषयी आहे.

आमची काळी बिबवेवाडीच्या रस्त्यावर जन्मली. अप्परच्या चढावर, एका बंद दुकानाच्या पायरीखाली पावसात कुडकुडणारे ते पिल्लू माझ्या पत्नीने पदराखाली घालून घरी आणले, त्याला तेरा वर्षे झाली. कुत्र्याच्या आयुष्यात तेरा वर्षे म्हणजे पुरते म्हातारपण. तिची मूत्रपिंडे आता फार काळ साथ देणार नाहीत, असे तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. मग पत्नी म्हणाली, “तिला गाडीत बसायला आवडतं. कुठेतरी नेऊन आणू या.” कुठे, हे ठरवणे माझ्याकडे आले. आयुष्यभर इतिहास आणि साहित्य शिकवलेल्या माणसाने निवडलेले ठिकाण असे होते: साताऱ्याजवळच्या माहुलीच्या घाटावरची, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी.

बिबवेवाडीकराला सातारा रस्ता नवा नाही. पद्मावती, धनकवडी आणि कात्रज ही त्याच्या रोजच्या जगाची दक्षिण सीमा. एके काळी पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. स्वातंत्र्यानंतर त्याच परिसरात पेशवे उद्यानातले प्राणिसंग्रहालय झाले आणि १९९९ च्या सुमारास तेथील प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. म्हणजे प्राणी पाहायला जाण्याची पुणेकरांची वाट अडीचशे वर्षे याच दिशेने सरकत आली आहे. कात्रजच्या पुढे जुना घाट लागतो आणि या घाटातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट प्राण्यांचीच आहे. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज निसटले तेव्हा मोगलांना चकवण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे पिटाळले, ही ती गोष्ट. छापा ऐतिहासिक आहे, त्याला दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. बैल आख्यायिकेतले आहेत. तरीही रात्री हा घाट चढताना आपल्याला आठवतात ते बैलच.

बोगदा ओलांडून खाली उतरले की खेड-शिवापूर. तिथे कमरअली दरवेश यांचा दर्गा आहे आणि त्याच्या अंगणात तो प्रसिद्ध दगड. सुमारे नव्वद किलोचा हा गोल दगड अकरा जणांनी एकेका तर्जनीवर, दरवेशांचे नाव घेत उचलायचा असतो. विज्ञान शिकवणारे माझे एक सहकारी त्याची उपपत्ती अशी सांगत की अकरा जणांत नव्वद किलो वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ किलो येतात, आणि एका सुरात नाव घेतल्याने सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागतो. उपपत्ती बरोबर असावी. पण दगड उचलून खाली ठेवल्यावर अकरा अनोळखी माणसे एकमेकांकडे पाहून जे हसतात, त्याचा हिशेब तिच्यात येत नाही. काळीला घेऊन आत जाणे योग्य नव्हते, म्हणून आम्ही आळीपाळीने आत गेलो.

याच परिसरातून कोंढणपूरवरून सिंहगडाकडे रस्ता फुटतो आणि तिथे आणखी एक प्राणी वाट पाहत असतो, तानाजीची घोरपड यशवंती. तुलसीदास शाहिराच्या पोवाड्यात ती आहे, सभासदाच्या बखरीत नाही. सभासद कडा चढणाऱ्या मावळ्यांना वानरांची उपमा देऊन मोकळा होतो. १६७० च्या त्या रात्री कड्यावर काय घडले याचे उत्तर इतिहासकार सभासदाकडे मागतील, पण गडावर आलेले प्रत्येक मूल घोरपडीविषयी विचारते. शिक्षक म्हणून मी या प्रश्नाला अनेक वर्षे “ती दंतकथा आहे” असे उत्तर देत आलो. उत्तर खरे होते. पण ते दिल्यावर मुलांचे चेहरे पडत, आणि दंतकथा म्हणजे काय, ती कुणी, केव्हा, कशासाठी रचली, हा पुढचा धडा मी घेत नसे, ही माझी चूक मला पुष्कळ उशिरा कळली.

कापूरहोळला रस्ता दुभंगतो. उजवीकडचा फाटा भोरला जातो आणि तिथून वरंधा घाट उतरून महाडमार्गे रायगडावर पोचता येते. सरळ रस्ता साताऱ्याला जातो. दोन्ही वाटांच्या शेवटी एका राजाच्या सान्निध्यात एकेका कुत्र्याचे स्मारक आहे, हे माझ्या आधी कधी ध्यानात आले नव्हते. चहाच्या टपरीवर थांबून काळीला पाणी पाजताना ते एकदम जाणवले. आम्हाला सरळ जायचे होते, पण उजवीकडच्या कुत्र्याविषयी आधी बोलायला हवे.

रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा. हा पुतळा १९३६ साली बसवण्यात आला आणि त्यासाठी होळकरांची देणगी मिळाल्याचे सांगितले जाते. राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने वाघ्याला मराठी साहित्यात आणले. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले, म्हणजे साहित्यातला वाघ्या दगडातल्या वाघ्यापेक्षा जुना आहे. १६८० च्या समकालीन साधनांत या कुत्र्याचा उल्लेख नाही, हा पुतळ्याला विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा. २०२५ च्या मार्चमध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ३१ मेपूर्वी हा पुतळा हटवावा अशी मागणी केली तेव्हा या वादाने पुन्हा पेट घेतला. होळकरांच्या संबंधामुळे धनगर समाजातील काही नेत्यांनी मागणीला विरोध केला. वाद कुत्र्याचा राहिला नाही, कुणाच्या आठवणीला गडावर जागा असावी याचा झाला.

माझ्यापुरते सांगायचे तर पुराव्याचा आग्रह मला मान्य आहे. वाघ्याची कथा इतिहास म्हणून शिकवता येणार नाही. परंतु १९३६ चा पुतळा १६८० चा पुरावा नसला तरी १९३६ चा पुरावा आहेच. पारतंत्र्यातल्या महाराष्ट्राला आपल्या राजाच्या समाधीपाशी निष्ठेची एक मूर्ती हवीशी वाटली आणि तिच्यासाठी त्याने माणूस न निवडता कुत्रा निवडला, ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाकून देण्यासारखी नाही. त्या काळाची ही हौस आपल्यापुरती नव्हती. टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर हाचिकोचा पुतळा १९३४ साली, हाचिको जिवंत असतानाच उभा राहिला. मृत मालकाची वाट पाहणाऱ्या त्या कुत्र्याचे त्या काळच्या जपानने निष्ठेच्या पाठात रूपांतर केले होते. वाघ्या आणि हाचिको एकाच दशकातले आहेत, एवढी गोष्ट जरी पुतळ्याजवळ लिहून ठेवली तरी पाहणाऱ्याला विचार करायला पुष्कळ सामग्री मिळेल.

असो. आम्ही सरळ निघालो. खंबाटकी ओलांडली, आनेवाडी मागे टाकली आणि लिंब फाट्याला आत वळलो, कारण शाहूकाळात शिरायला लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारखा दरवाजा नाही. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधल्याचे तिथला शिलालेख सांगतो. वीरूबाई या शाहू महाराजांच्या अंतःपुरातल्या प्रभावी स्त्री. विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. एकाच वेळी बारा मोटा चालत आणि भोवतीच्या आमराईला पाणी जाई. पण पाहणारा थक्क होतो तो विहिरीच्या पोटातला महाल पाहून. पाण्याच्या वर, जमिनीच्या खाली, खांबांवर नक्षी असलेली बैठकीची जागा. पाणी उपसण्याच्या सोयीतच राजाच्या विसाव्याची सोय करणारा तो काळ होता. काळी पहिल्या पायरीपर्यंत आली, खाली वाकून पाहिले आणि तिथेच बसली. तिचे गुडघे तिला ठाऊक होते.

आता शाहूविषयी. १६८२ मध्ये जन्मलेला हा राजपुत्र १६८९ साली रायगड पडला तेव्हा आईसह मोगलांच्या हाती सापडला. पुढची अठरा वर्षे त्याने औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत काढली. १७०७ मध्ये सुटका झाली, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी त्याचे निधन झाले. चार दशकांच्या या कारकिर्दीत मराठ्यांचे राज्य माळव्यापासून ओरिसापर्यंत पसरले आणि राजा बहुधा साताऱ्याच्या परिसरातच राहिला. शिकार, घोडे, पक्षी, बागा आणि कुत्रे हे त्याचे छंद. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्याच्या या आवडीनिवडींचे आपुलकीने वर्णन केले आहे. ज्याचे बालपण तंबूत, पहाऱ्यात आणि माणसांविषयीच्या संशयात गेले, त्याचा जीव मुक्या जनावरांत रमला असेल तर नवल वाटू नये. अर्थात हा माझा तर्क आहे.

आता खंड्याची कथा. शिकारीत वाघाने झडप घातली असता या कुत्र्याने शाहूचे प्राण वाचवले. पुढे काय झाले ते साताऱ्याचा पहिला इंग्रज कारभारी जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. डफ म्हणतो त्याचा आशय असा: धाकटी राणी सगुणाबाई हिच्या मृत्यूनंतर शाहूच्या बुद्धीला भ्रम झाला. त्या अवस्थेत त्याने आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीचा पोशाख आणि जडजवाहीर घातले, स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले आणि अशा थाटात भरदरबारी एका मराठा सरदाराची भेट घेतली. त्यानंतर त्याने स्वतःच्या डोक्यावर कधी काही घातले नाही. या कुत्र्याच्या नावे त्याने जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला आणि राजाची मर्जी राखण्यासाठी पालखीचा तो सरंजाम चालूही ठेवण्यात आला.

डफचा ग्रंथ कॅप्टन डेव्हिड केपनने मराठीत आणला आणि पुढच्या पिढ्यांनी आपला इतिहास पुष्कळ अंशी त्यातूनच वाचला. १८६० च्या दशकात नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफवर टीकालेख लिहून मराठी इतिहास-चिकित्सेचा पाया घातला. तरी कुत्र्याचा हा प्रसंग वेडाचा पुरावा म्हणूनच वाचला जात राहिला. सगुणाबाई १७४८ साली गेली, राजा १७४९ अखेरीस गेला. या सव्वा वर्षात डोके उघडे ठेवून वावरणाऱ्या माणसाला वेडा म्हणायचे की दुःखात बुडालेला म्हणायचे, हा प्रश्न डफला पडला नाही. त्याने वेड हा शब्द निवडला आणि कुत्रा त्या शब्दाचा साक्षीदार झाला.

साताऱ्याकडच्या तोंडी परंपरेत हाच प्रसंग निराळा सांगतात. अंगभर दागिने घालून, श्रीमंतीचा तोरा मिरवत एक सरदार राजाच्या भेटीस येणार होता. शाहूने आपले सगळे अलंकार कुत्र्याच्या अंगावर चढवले आणि स्वतः साध्या पांढऱ्या वस्त्रांत बसून राहिला. सरदार काय ते समजला. या कथेतला राजा वेडा नाही, चांगला मिस्कील आणि शहाणा आहे. आणि तिसरे वाचन माहुलीच्या दगडात आहे, ते कृतज्ञतेचे. एकच कुत्रा, एकच पागोटे आणि तीन अर्थ: भ्रम, उपरोध आणि उपकाराची फेड. साहित्याच्या वर्गात अशी संहिता हाती आली तर आपण विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारतो तो निवेदक कोण आहे हा. तोच प्रश्न इथे विचारला पाहिजे.

तो विचारला की एक गोष्ट पुढे येते. शाहूला पुत्र नव्हता. त्याच्या अखेरच्या दिवसांत साताऱ्यात वारसाचा प्रश्न पेटलेला होता. एका बाजूला ताराबाई आणि तिचा नातू, दुसऱ्या बाजूला थोरली राणी सकवारबाई, तिसऱ्या बाजूला फौज घेऊन बसलेला बाळाजी बाजीराव पेशवा. डफच सांगतो की पेशव्याने राजाची भेट मिळवून त्याच्याकडून एक लेख करून घेतला, ज्याने सर्व राज्याचा कारभार पेशव्याच्या हाती आला. मराठी सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला आले ते या लेखाच्या बळावर. म्हणजे कुत्र्याला जहागीर देणारी सनद आणि पेशव्याला राज्य देणारा लेख एकाच हाताचे, आणि एकाच आजारपणाच्या छायेतले. पहिली सनद भ्रमाची ठरली आणि दुसरा लेख वैध राजाज्ञा. राजा भ्रमिष्ट होता तर दोन्ही कागद संशयास्पद ठरतात आणि शुद्धीवर होता तर दोन्ही ग्राह्य ठरतात. डफला दोन्हीकडचे हवे होते. आपणही ते तसेच स्वीकारले, कारण एका कागदावर साम्राज्य उभे होते आणि दुसऱ्यावर फक्त कुत्रा.

मुळात कुत्र्याच्या नावे जमीन देणे हे खरोखर इतके अद्भुत होते का? कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे इसवी सन ९४९-५० चा एक वीरगळ सापडला आहे. राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा याच्या काळातला हा शिलालेख गंगराजा बूतुग आणि त्याचा वीर मणलेर यांच्याविषयी बोलतो. पराक्रमाबद्दल काय हवे असे राजाने विचारले तेव्हा मणलेराने बूतुगाचा एक शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले. कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभा राहिला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. त्या कुत्र्याचे नाव होते काळी. हे प्रथम वाचले तेव्हा आमची काळी माझ्या पायाशी झोपली होती आणि मी तिला उगाचच हाक मारली, हे कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा दख्खनच्या राजांनी कुत्र्याच्या दगडासाठी जमीन तोडून देणे ही शाहूच्या आधी आठशे वर्षांची रीत होती. समाधी म्हटली की तिच्या दिवाबत्तीची व्यवस्था आली, व्यवस्था म्हटली की इनाम आले आणि इनाम म्हटले की सनद आली. परकीय प्रशासकाला या साखळीची शेवटची कडी तेवढी दिसली आणि ती हास्यास्पद वाटली. जमिनीचे उत्पन्न कुत्रा खाणार नसून त्याची निगा राखणारी माणसे खाणार, पालखीतला कुत्रा चार भोयांना पोसणार, हे त्याच्या हिशेबात आले नाही. शाहूने खंड्याला दिलेला मान या परंपरेत ठेवून पाहिला तर तो वेडाचा झटका वाटत नाही. प्राण वाचवणाऱ्या शिलेदाराला राजा जे देत असे, तेच त्याने दिले. शिलेदार कोणत्या योनीतला आहे एवढेच त्याने पाहिले नाही.

माहुली साताऱ्याच्या पूर्वेस पाचेक किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर आहे. रामशास्त्री प्रभुणे इथलेच. १८१७ च्या ऑगस्टमध्ये जॉन माल्कम दुसऱ्या बाजीरावाला भेटला तेही इथेच, आणि त्यानंतर वर्षभरात पेशवाई संपली. सातारच्या राजघराण्यातल्यांचे अंत्यविधी याच काठावर होत. घाटाचे दगड, विश्वेश्वराचे शिखर, पाण्यावरचे ऊन. त्या दुपारी आमच्याशिवाय तिथे एक वृद्ध गृहस्थ तेवढे पायरीवर बसलेले होते. काळीला पाहून त्यांनी विचारले, “कुत्रं घिऊन आलाय न्हवं? मग आधी खंड्याचं दर्शन घ्या.” आणि बोटाने दाखवले.

चौथऱ्यावर बसलेला दगडी कुत्रा. उन्हापावसाने त्याचे नाकडोळे बोथट झालेले. रायगडावरच्या पुतळ्याची उंची त्याला नाही आणि त्याच्याभोवती गर्दीही नाही. ज्या कुत्र्याची आठवण डफसारख्या अविश्वासू लेखकालाही गाळता आली नाही तो इथे एकटा आहे, आणि ज्याच्यासाठी समकालीन कागद दाखवता येत नाही त्याच्यावरून महाराष्ट्र भांडतो. पुराव्याचा कैवार घेणाऱ्यांपैकी किती जण माहुलीला आले असतील? आणि निष्ठेचा कैवार घेणाऱ्यांपैकी किती? हा टोमणा माझ्यावरही येतो. साताऱ्याला मी आयुष्यात वीसएक वेळा आलो असेन, परिसंवादांना, परीक्षांना, लग्नांना. माहुलीला प्रथम आलो ते एक म्हातारी कुत्री मरणार म्हणून.

काळीने दगडी कुत्र्याचा वास घेतला, चौथऱ्याच्या सावलीत अंग टाकले आणि ती झोपली. पत्नी तिच्याजवळ बसली. वृद्ध गृहस्थांनी, कुणीही न विचारता, वाघाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत वाघ डफच्या वाघापेक्षा बराच मोठा होता. मी दुरुस्ती केली नाही. घोरपडीच्या वेळी जो धडा मी घ्यायला हवा होता तो असा बसून ऐकण्याचाच होता.

परतताना पत्नीने विचारले, “हिला कुठे ठेवायचं आपण?” प्रश्न साधा होता. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला अंगण नसते. इमारतीच्या मागे चार नारळ आहेत, पण ती जागा सर्वांची, आणि काळीला उद्वाहनात नेण्यावरूनच इतकी वर्षे कुरबुरी चालल्या होत्या. दोन हात लांब आणि एक हात रुंद एवढीच जमीन हवी होती. शाहूने खंड्याला जहागीर दिली ती किती मोठी होती यावर इतिहासकारांनी हसावे किंवा न हसावे. त्या संध्याकाळी मला त्या सनदेचा अर्थ फार सरळ वाटला. आपल्या सोबत्याला मातीत थोडी जागा मिळावी आणि ती कुणी हिरावून घेऊ नये, यासाठी राजालाही कागद करावा लागतो.

काळी त्यानंतर सात आठवडे जगली. शेवटी भोर तालुक्यात एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या शेताच्या बांधावर तिला जागा दिली. कापूरहोळला आम्ही त्या वेळी उजवीकडे वळलो. बांधावर एक साधा दगड आहे, त्याच्यावर काही लिहिलेले नाही. पन्नास वर्षांनी तो कुणाला दिसला तर त्याच्याविषयी काय सांगितले जाईल कोण जाणे.

आतकूर, माहुली आणि रायगड ही मला ठाऊक असलेली नावे. गावोगावच्या वीरगळांत, वाड्यांच्या मागच्या अंगणांत, जुन्या संस्थानांच्या बागांत अशी आणखी स्मारके असणारच. साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसरातली ती शोधून त्यांची नोंद करावी: दगड कसा आहे, लेख आहे का, जमीन लावून दिली होती का, आणि गाव त्याच्याविषयी काय सांगते. यातले शेवटचे आधी विचारावे, कारण सांगणारी माणसे दगडांइतकी टिकत नाहीत.